बिलात न दिसणारा खर्च
स्मृतिभ्रंशापायी २०१९ साली जगाचे सुमारे १.३ लाख कोटी डॉलर खर्ची पडले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला जवळपास निम्मा भार कुठल्याच रुग्णालयाच्या बिलात नाही. तो घरच्यांच्या सेवेचा आहे: आंघोळ घालणं, घास भरवणं, आजोबा रात्री बाहेर पडू नयेत म्हणून दाराशी अंथरूण टाकणं. यातले ७० टक्के तास बायकांचे. नोकरी सोडलेल्या सुनेचा पगार कोण हिशेबात धरतो?

स्मृतिभ्रंशावरच्या संशोधनाचा परतावा या न दिसणाऱ्या खर्चातच मोजावा, कारण आजार टळला तर हा भारही टळतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बहिरेपण, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असे स्मृतिभ्रंशाचे १४ धोके नोंदवले; ते आवरले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांत आजार टळू किंवा लांबू शकतो. तरीही जगातल्या आरोग्य-संशोधनात स्मृतिभ्रंशाचा वाटा दीड टक्क्याहून कमी!