विपर्यासाच्या वाटा : मेकॉलेने न केलेले भाषण

थॉमस बॅबिंग्टन मेकॉले याच्या नावावर एक उतारा भारतात फार वर्षे फिरतो आहे. आपण हिंदुस्थान उभाआडवा पाहिला, पण एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही. हा देश ताब्यात घ्यायचा तर त्याचा आध्यात्मिक व सांस्कृतिक कणा मोडला पाहिजे आणि त्यासाठी जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, असा त्याचा आशय. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत हे भाषण झाले, असे सांगतात.

यातली तारीख अस्सल आहे आणि उताऱ्याला वजन आले ते तिच्यामुळेच. त्याच दिवशी मेकॉलेने शिक्षणविषयक टिपण लिहिले, पण ते कलकत्त्यात, गव्हर्नर जनरल बेंटिंक याच्या कौन्सिलचा सदस्य या नात्याने. लंडनहून इकडे यायला तेव्हा महिने लागत. जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला, बेंटिंकला भेटायला पालखीतून उटकमंडला गेला आणि तिथून पुढे कलकत्त्याला. एवढ्यात देश पालथा घालून होत नाही. शिवाय १८३५ मध्ये देश ‘जिंकायचा’ कुठला? पेशवाई जाऊन १७ वर्षे झाली होती.

सर्वांत गमतीचा भाग चोरांचा. याच मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली पहिल्या विधी आयोगाने दंडसंहितेचा मसुदा तयार केला, त्याच काळात कंपनीचा अधिकारी स्लीमन याची ठगांविरुद्धची मोहीम जोरात होती. ज्या देशात चोर नाही त्या देशासाठी चोरीच्या शिक्षा ठरवायला तो बसला, असे मानावे लागेल!

मूळ टिपणात मग होते काय, असे काही वाचकांनी विचारले आहे. वाद पैशाचा होता. १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद केली होती. ती संस्कृत-अरबीवर खर्चावी की इंग्रजीवर, यावरून शिक्षण समितीत सरळ दोन तट पडले होते. मेकॉलेने इंग्रजीची बाजू घेतली. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचे एक फडताळ भारत व अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाला भारी पडेल, हे त्याचे कुप्रसिद्ध मत याच टिपणातले. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, ही कबुलीही तिथेच आहे. ७ मार्च १८३५ रोजी त्याच बाजूने सरकारी ठराव झाला.

म्हणजे खरा मेकॉले भारताच्या विद्येला तुच्छ लेखतो आणि बनावट मेकॉले तिची आरती ओवाळतो. त्याच्यावर टीका करायची तर खरे टिपण पुरून उरले असते. तरी लोकप्रिय झाला तो खोटा उतारा, कारण शत्रूच्या तोंडची स्तुती ऐकायला गोड लागते आणि तिला पुरावाही कोणी मागत नाही.

खऱ्या टिपणाच्या वाट्यालाही कात्री आलीच. रक्ताने हिंदी पण अभिरुचीने इंग्रज अशा वर्गाबद्दलचे वाक्य सगळे देतात. या वर्गाने पुढे देशी भाषा घडवाव्यात, पाश्चात्त्य शास्त्रांतल्या संज्ञांनी त्या समृद्ध कराव्यात आणि त्यांतून ज्ञान सामान्य लोकांपर्यंत न्यावे, असे लगेच पुढच्या वाक्यात म्हटले आहे. ते सहसा गाळले जाते. त्याने मेकॉलेचा दर्प कमी होत नाही, पण योजना मात्र वेगळी दिसते.