खाड्या ओलांडत गुहागरला

मुंबईहून गुहागरला जायचं ठरलं की कुणीतरी लगेच नकाशा उघडून पनवेल, महाड, चिपळूण असा महामार्ग दाखवतो. तो रस्ता लवकर पोचवतो हे खरं, पण गुहागर येईपर्यंत समुद्राचं दर्शन नाही. माझा आग्रह किनाऱ्याच्या वाटेचा: अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून दिघी, मग श्रीवर्धन, बागमांडल्याहून वेसवी, पुढे केळशी, हर्णै आणि शेवटी दाभोळहून धोपावे. तीन खाड्या, तीन जंगलजेटी. दोन दिवस लागतात, आणि ते द्यावेतच.

तयारी फार नाही. कागदपत्रं, स्टेपनी, थोडी रोकड. घरगुती मुक्कामाला आदल्या दिवशीच कळवावं, मासे खाणारे किती, शाकाहारी किती, मोदक किती. बस.

चार गाड्या एकत्र निघाल्या की एक चहाला थांबते, दुसरी पुढे जाते आणि दिवसभर फोनाफोनी चालते. खाडी हा प्रश्न सोडवते, कारण धक्क्यावर सगळ्यांना थांबावंच लागतं. बोटीवरचा माणूस हातवारे करत एकेक गाडी पुढे घेतो, हँडब्रेक ओढायला लावतो, दुचाक्या कडेच्या फटींत बसवतो. मग सगळे उतरून कठड्याशी. वेसवीच्या बाजूला सावित्रीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला. इंग्रजांनी घेतल्यावर त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं होतं. दाभोळला तर बोट चुकली तरी चालेल. बहामनी आणि आदिलशाही काळातलं हे मोठं बंदर, आणि सतराव्या शतकातली दगडी शाही मशीद धक्क्यापासून चार पावलांवर. समोर वाशिष्ठी. बोट नसती तर पलीकडे जायला चिपळूणचा वळसा पडला असता.

वेसवीच्या धक्क्यावर एका खलाशाला विचारलं, भरती कधी? त्यानं उलट विचारलं, "आज तिथी काय?" तेव्हापासून सहलीची तारीख मी पंचांग बघून ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, दिवसाही आणि रात्रीही. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच मागे सरकते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गुहागरची पुळण लांबरुंद मोकळी मिळते, आणि मध्यरात्री तिथेच पाणी असतं. म्हणूनच ओली वाळू कितीही टणक वाटली तरी तिच्यावर गाडी घालू नये. ओहोटीला धक्क्याचा उतारही तीव्र आणि शेवाळलेला असतो. बुटक्या गाडीतली माणसं आधी उतरवावीत.

रेवस ते रेडी सागरी मार्गासाठी या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. रात्री-अपरात्री दवाखाना गाठणाऱ्या गावकऱ्यांना ते हवेतच. तोवर गटानं आणखी एक दिवस काढावा आणि वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळहून चौथ्या जंगलजेटीनं जयगडला, तिथून मालगुंड, गणपतीपुळ्याला जावं. फक्त शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे हेदवीतून निघण्यापूर्वी विचारून घ्या.