यादीकडून पारखीकडे

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विश्वासार्ह संदर्भ शोधायला आणि पारखायला शिकवण्याची देशव्यापी चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने घातली. किमान एका सत्राचे कोर्सवर्क सक्तीचे झाले, त्यात संशोधनपद्धतीचा विषय आला. पण त्याच नियमावलीत दुसरी अटही होती: प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा. २०१० मध्ये प्राध्यापकांची बढतीही प्रकाशनांच्या गुणांशी जोडली गेली. शिकणे मागे पडले, छापून आणण्याची घाई वाढली. पैसे घेऊन, कसलेही परीक्षण न करता निबंध छापणारी नियतकालिके या मागणीवरच फोफावली.

आयोगाने २०१७ मध्ये उपाय म्हणून मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. तीत अडतीस हजारांवर नावे होती. विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांचा नमुना पुण्याच्या अभ्यासकांनी तपासला, तेव्हा सुमारे ८८ टक्के नियतकालिके निकषांत बसली नाहीत. हा अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला, मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे होते.

नवी यादी जुनीपेक्षा निश्चितच काटेकोर होती. तरी तिने एक घातक सवय लावली: ‘केअरमध्ये आहे का?’ एवढे विचारले की तपास संपला. बनावट नियतकालिकांनी नेमका याचाच फायदा घेतला. खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन उचलायचा, हुबेहूब संकेतस्थळ उभे करायचे आणि निबंध मागवायचे. अशी फसवणूक त्या संकेतस्थळावर कितीही वेळ घालवून उघड होत नाही. त्यासाठी बाहेर पडावे लागते: मूळ प्रकाशकाकडे चौकशी, संपादकाचे नाव त्याच्या विद्यापीठाच्या पानावर आहे का याचा शोध, ग्रंथालयातले जुने अंक. नियतकालिक खरे निघाले तरी निबंध पारखायचा राहतोच. नमुना किती होता, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे गेला आहे का, निबंध नंतर मागे घेतला गेला का, हे कोणतीही यादी सांगत नाही.

आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम पीएच.डी.साठी सक्तीचा केला. फसव्या प्रकाशकांची ओळख, डेटाबेसचा वापर आणि वाङ्मयचौर्य हे विषय त्यात आहेत. दहा वर्षे उशिरा आलेले हे पाऊल सर्वांत मोलाचे होते. मात्र उद्धरणांच्या मोजमापावरचा त्यातला भर मराठी साहित्याच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासकाला फारसा उपयोगी नाही. त्याला मोडी दस्तऐवजाची अस्सल प्रत आणि नंतरची नक्कल यांतला फरक कळायला हवा.

२०२२ च्या नियमावलीने शोधनिबंधाची सक्ती काढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. आयोगाने फक्त मार्गदर्शक निकष दिले आणि निवड संस्थांवर सोपवली. त्याच वर्षी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली झाली. त्यामुळे पारख शिकवण्याचा भार आता मार्गदर्शक आणि ग्रंथपाल यांच्यावर आला आहे.