दुकानाच्या पाटीवरचा पॅन

सांगली जिल्ह्यातल्या एका किराणा दुकानदार वाचकांचा प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही. ‘जीएसटी नंबरात माझा पॅन दिसतो. मग बिलावरचा नंबर झाकू का?’

त्यांची नजर तेज आहे. जीएसटी क्रमांकाची अक्षरे पंधरा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे थेट पॅन! कंपनी असेल तर पॅन कंपनीचा. पण एकट्या मालकाचे दुकान असेल तर पॅन त्या माणसाचा स्वतःचा. शिवाय हा क्रमांक दर्शनी पाटीवर लावणे नियमानेच बंधनकारक आहे. म्हणजे झाकण्याचा प्रश्नच मिटला.

पण त्याचा गैरवापर होतो का? झालेला आहे. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. अभिषेक बच्चन, माधुरी दीक्षित, महेंद्रसिंह धोनी अशा नामवंतांच्या नावांवर या टोळीने पुण्यातल्या एका फिनटेक कंपनीकडून क्रेडिट कार्डे मिळवली होती. पॅन मिळाले ते इंटरनेटवर सहज दिसणाऱ्या जीएसटी क्रमांकांतून. जन्मतारखा तर जगजाहीर. मग बनावट पॅनकार्ड केले: नंबर आणि जन्मतारीख नटाची, फोटो मात्र टोळीतल्या माणसाचा. व्हिडिओवर पडताळणी झाली तेव्हा समोरचा चेहरा आणि कार्डावरचा चेहरा जुळला.

नटाच्या जन्मतारखेसारखी दुकानदाराची जन्मतारीख जगजाहीर नसते, असे वाटेल. चौकात एकसष्टीचा फ्लेक्स लागला की दिवस, महिना आणि वर्ष तिन्ही कळतात.

नंबर उघडा राहणारच असेल, तर लक्ष ठेवायचे ते त्याच्या नावावर काय चालले आहे यावर. अभिनेते राजकुमार राव यांनी एप्रिल २०२२ मध्ये ट्विट करून सांगितले होते, की त्यांच्या पॅनवर कोणीतरी अडीच हजारांचे कर्ज काढले आणि सिबिल स्कोअर घसरला. रक्कम एवढी लहान, की आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल (क्रेडिट रिपोर्ट) पाहिल्याशिवाय पत्ताच लागू नये.

हा अहवाल फुकट मिळतो. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा तो विनामूल्य द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही एकदम मागवू नयेत. दर तीन महिन्यांनी एक मागवला तर वर्षभर पहारा राहतो. त्यात कर्जांच्या यादीआधी ‘एन्क्वायरी’चा भाग वाचावा. आपण ज्या संस्थेचे तोंडही पाहिलेले नाही तिचे नाव तिथे दिसले, तर आपल्या नावाने कोणी अर्ज केलेला असू शकतो, कर्ज मंजूर झालेले असो वा नसो.

चूक आढळली की अहवाल देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये भरपाई म्हणून मिळायला हवेत. पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे अर्जासोबतचे पॅनकार्ड दाखवा असे लेखी मागावे. त्यावरचा फोटो परक्याचा निघाला, तर त्याची प्रत पोलीस तक्रारीला सर्वांत आधी जोडावी.