शिवराईची आंघोळ

१६७४ च्या राज्याभिषेकापासून शिवरायांचं तांब्याचं नाणं म्हणजे शिवराई पाडली जाऊ लागली, तिच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. रानात सापडल्यापासून काचेच्या कपाटात जाईपर्यंत तिच्यावर काय काय गुदरतं, ते मात्र मोरीपाशी उभं राहिलेल्यालाच कळतं.

आष्ट्याच्या शिवारात उसाच्या रानात चर खणताना नाण्यांचा हिरवा गोळा लागला. घरातल्या काकूंनी देवाची भांडी घासतात तशी चिंच-मीठ लावून नाणी लख्ख केली. संध्याकाळी गल्ली बघायला लोटली. “सोन्यावानी दिसायला लागली की वो!” पावसाळा सरता सरता डबी उघडली, तर नाण्यांवर पोपटी भुकटी! बुरशी समजून काकूंनी पुन्हा चिंच घेतली, पुन्हा मीठ घेतलं. आणि रोगाचं मूळ नेमकं त्या मिठातच होतं.

मिठातलं क्लोराइड तांब्यात मुरलं की दमट हवेत त्याचं आम्ल होतं. ते आम्ल तांबं खातं, त्यातून भुकटी होते, नवं आम्ल तयार होतं आणि चक्र चालूच राहतं. आपल्या कृष्णाकाठी हा धोका दुपटीचा. पाणी अति झाल्याने आपल्या वाळवा तालुक्यातली कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. अशा रानातलं नाणं मातीतूनच क्षार घेऊन वर येतं आणि घरी आलं की त्यावर आपण आणखी मूठभर मीठ चोळतो.

एकदा दोन संग्राहकांचं एका शिवराईवरून चांगलंच वाजलं. एक म्हणे ‘शिव’ कोरलंय, दुसरा म्हणे ‘सिव’. दोन्ही पाठ सापडतात, कारण साचे कोरणारे हात अनेक होते. त्यात बहुतेक वेळा साचा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून अक्षरं अर्धीमुर्धीच उमटायची. सोक्षमोक्ष लावायला मालकाने तारेचा ब्रश घेतला आणि तासभर घासलं. वाद खरंच मिटला. नाण्यावर आता ‘शि’ही नव्हता आणि ‘सि’ही नव्हता.

बाजारातला किस्सा याहून चटका लावणारा. घासून गुळगुळीत झालेली शिवराई जाणकार घेत नाही, म्हणून एका विक्रेत्याने ती पडत्या भावात उचलली, अमोनियाच्या वाफेवर धरून तिला कृत्रिम हिरवा रंग चढवला आणि जुनी म्हणून विकली. घेणारा कोण? ज्याने ती घासून विकली होती, त्याचाच पाहुणा.

मळ म्हणजे पुरावा, हे मला जाणकारांच्या टेबलाशी उभं राहून पटलं. गंजात कधीकधी कापडाचे उभे-आडवे धागे उमटलेले असतात. नाणी फडक्यात बांधून पुरली होती, हे त्यावरून कळतं. कोल्हापूरला मिळालेली, ‘कुर’ या प्राचीन घराण्यातल्या राजांची शिशाची नाणी आठवा. त्यांतल्या काहींवर जुन्या राजाच्या छापावर नव्या राजाने आपला छाप मारला होता. खालच्या पुसट छापांवरून पंडित भगवानलाल इंद्रजींनी कोणता राजा आधीचा आणि कोणता नंतरचा, हा क्रम लावला. शिसं तर तांब्याहून मऊ. कुणी हौसेने ती नाणी आंबट पाण्यात टाकून ब्रश मारला असता, तर एका घराण्याचा क्रम त्या वाटीतच विरघळला असता.

प्रयोगशाळेत जे चालतं ते पाहून पहिल्यांदा निराशा होते, कारण डोळ्यांना दिसेल असं काहीच घडत नाही. नाणं शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायचं, पाणी बदलत राहायचं. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. ते दुधाळ झालं तर क्षार अजून निघतो आहे. अक्षरांच्या खाचेतली माती भिंगाखाली बांबूच्या काडीने कणाकणाने सोडवायची. यात आठवडे जातात, महिनेही जातात. शेवटी हातात येतं ते काळपट-हिरवं नाणंच. पण त्यावरचं अक्षर शाबूत असतं.

तेव्हा आष्टेकरांनो, नांगराला, चराला, पाया खणताना नाणं लागलं तर चिंच, लिंबू, मीठ, राख यांतलं काहीही लावू नका. मातीसकट कागदाच्या पाकिटात कोरडं ठेवा, नेमकं कुठे आणि किती खोल मिळालं ते वर लिहा आणि तहसील कचेरीत कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे.