वजन नसलेलं रुपं

ओडिशातल्या कटकच्या एका गल्लीतल्या कारखान्यात कारागिराने माझ्या तळहातावर कानातलं ठेवलं. मी लगेच विचारलं, "किती ग्रॅमचं?" तो हसला. "वजन काढून टाकायचं, हेच तर आमचं काम," हिंदीत म्हणाला.

या कामाला तिथे तारकशी म्हणतात. चांदी मुशीत वितळवून तिची कांब ओतायची, ठोकून बारीक करायची आणि जंतरातून ओढायची. जंतर म्हणजे भोकं पाडलेली पोलादी पट्टी. प्रत्येक भोक आधीच्याहून बारीक. ओढताना तार कडक होते, म्हणून अधूनमधून तापवून मऊ करायची. पुरेशी बारीक झाली की दोन तारांना मिळून पीळ द्यायचा आणि रुळांतून चपटी करायची. पिळाच्या कडेला बारीक दाते उठतात. नक्षी चमचमते ती त्या दात्यांवरच्या उजेडाने.

मग जाड तारेची चौकट: पान, पाकळी, मोर. तिच्यात चिमट्याने वळवलेली वेटोळी दाटीवाटीने बसवायची. त्यांवर टाकणखार आणि डाख, म्हणजे चांदीआधी वितळणाऱ्या मिश्रधातूची पूड.

आता फुंकणी. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. त्याआधी डाख वितळला पाहिजे, आणि तिथेच थांबलं पाहिजे. मोजायला यंत्र नाही, फक्त रंग आणि श्वास. पूड पाणी होऊन सांध्यांत पळते, तो क्षण दिसतो न दिसतो. त्या दुपारी एक फुंकर जास्त झाली, पाकळीचा गोळा झाला. कारागिराने तो मुकाट्याने डब्यात टाकला. चांदी पुन्हा मुशीत जाईल. सकाळ गेली ती गेली.

ओडिसी नर्तकींचे दागिने याच कामाचे. दुर्गापूजेत देवीमागे उभी राहणारी चांदीची भव्य मखर, तिथली 'मेढ', हीही याच कारागिरांच्या हातची. ओडियात चांदीला 'रुपा' म्हणतात, आपल्या रुप्यासारखंच. २०२४मध्ये 'कटक रुपा तारकशी'ला भौगोलिक मानांकन मिळालं.

मी ती कानातली घेतली. हिशेबात चांदी थोडी, मजुरी जास्त. "मजुरी जरा कमी करा की," हे सवयीचं वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आत फुंकणी पुन्हा सुरू झाली. मी पैसे मोजले.