ठेंगू सरडगुहिऱ्याचें घर

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' अशी आपल्याकडे म्हण आहे. पूर्व आफ्रिकेंतील ज्या प्राण्याविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्याची धाव कुंपणापर्यंतही पोहोंचत नाहीं. इंग्रजींत त्यास 'पिग्मी कॅमेलिऑन' म्हणतात. आपण त्यास ठेंगू सरडगुहिरा म्हणूं. कुंपणावर मान डोलावणारा सरडा निराळा आणि सरडगुहिरा निराळा, हें आधीं लक्षांत ठेवावें. सरडगुहिऱ्याचे डोळे बुरुजासारखे बाहेर आलेले असून ते एकाच वेळीं दोन निरनिराळ्या दिशांस फिरतात. पायांचीं बोटें दोन गटांत जुळून चिमट्यासारखीं झालेलीं असतात. आपल्या देशांतील सरडगुहिरा शेपटीसह फूटभर वाढतो. ठेंगू जातींपैकीं लोक जिला पुष्कळ पाळतात ती 'रिपेलिऑन ब्रेव्हिकॉडेटस' ही जात मात्र आठ सेंटिमीटरांच्या आसपासच राहते. तुमच्या शिसपेन्सिलीच्या अर्ध्या तुकड्याएवढा तो प्राणी!

तपकिरी अंग, त्यावर पानाच्या शिरांसारख्या रेघा आणि हनुवटीखालीं खवल्यांची चिमुकली दाढी, असें याचें रूप आहे. टांझानियांतील उसंबारा व उलुगुरु या पर्वतांवरील आणि केनियाच्या शिंबा टेकड्यांवरील अरण्यांत तो राहतो. झाडाच्या शेंड्याशीं त्याला कांहीं काम नसतें. दिवसां पालापाचोळ्यांत भक्ष्य शोधावें आणि अंधार पडूं लागला कीं एखाद्या बारीक काटकीवर चढून झोंपावें, हा त्याचा क्रम. संकट आलें असतां अंग चपटें करून तो वाळक्या पानासारखा निश्चल राहतो. आणि हातांत धरल्यास त्याच्या अंगांतून बारीक थरथर निघते. ही थरथर म्हणजे मांजराचें लाडिक घुरघुरणें नव्हे; तें भीतीचें लक्षण आहे. मुलांनीं हें वाक्य पुनः एकदां वाचावें, अशी माझी विनंती आहे.

एवढ्याशा देहांत सामर्थ्य किती असावें! अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत क्रिस्टोफर अँडरसन या शास्त्रज्ञानें वीस जातींच्या सरडगुहिऱ्यांच्या जिभेचें मापन करून तें २०१६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत उसंबाऱ्यांतील एका लहान जातीचा पहिला क्रमांक लागला. तिची जीभ गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट प्रवेगानें सुटते आणि शरीराच्या सुमारें अडीच पट लांब जाते. मोठ्या भाऊबंदांस हें साधत नाहीं. याचें कारणही समजण्यासारखें आहे. देह जितका लहान, तितकें वजनाच्या मानानें अन्न अधिक लागतें. म्हणून लहानाची नेमबाजी अचूक असावीच लागते. पण याचा दुसरा अर्थ असा कीं, असा प्राणी थोड्याच दिवसांच्या उपासानें व तहानेनें खंगून जातो. पाळणाऱ्यानें सर्व व्यवस्था हें सूत्र धरून करावी.

नोहानें तारू आधीं बांधलें आणि प्राणी मागाहून आले. पाळणाऱ्या मंडळींचा क्रम पुष्कळदां उलटा असतो: प्राणी खोक्यांत येऊन पडतो आणि मग कांचेची पेटी, माती, रोपटीं यांची धांवाधांव सुरू होते. हें घर प्राणी येण्यापूर्वीं निदान तीन-चार आठवडे तयार असलें पाहिजे. दीड फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी कांचेची पेटी एका जोडप्यास पुरते. झांकण मात्र जाळीचें असावें, नाहींतर हवा कोंडून सर्वत्र बुरशी धरते. तळाशीं खडीचा थर, त्यावर जाळीचा तुकडा, त्यावर खत न घातलेली भुसभुशीत माती चार-पांच इंच, आणि सर्वांत वर शेवाळ व वाळलीं पानें. पानें आणावयाचीं तीं जेथें औषधाची फवारणी होत नाहीं अशाच जागेंतून आणावीं. मनी प्लांट, लहान नेचे आणि बोरूपेक्षांही बारीक अशा पुष्कळ काटक्या आंत लावाव्या. जाड फांदी याच्या चिमट्यासारख्या पायांत मावत नाहीं.

या मातींत ओल्या विटेखालीं सांपडणारे राखी किडे व सुईच्या टोंकाएवढे पांढरे उडते कीटक सोडतात. ते विष्ठा व कुजलेलीं पानें खाऊन पेटी स्वच्छ राखतात. चार आठवडे थांबावयाचें तें या झाडूवाल्यांची वस्ती जमावी आणि रोपट्यांनीं मूळ धरावें म्हणून. या अवधींत तापमापक व आर्द्रतामापक रोज पाहून आंकडे वहींत टिपावे. दिवसां २१ ते २५ अंश सेंटिग्रेड उष्णता योग्य. २७ च्या वर ती जाऊं देऊं नये. रात्रीं आणखी थंडावा असावा. विलायती पुस्तकांत पेटी उबदार कशी राखावी याचीं पानेंच्या पानें असतात. आपल्या पुण्या-सोलापुराकडच्या उन्हाळ्यांत अडचण नेमकी उलट आहे. चैत्र-वैशाखांत जेथें माणसेंच पंख्याखालीं तळमळतात, तेथें या डोंगरवासी जीवाचें काय होईल, याचा विचार पालकांनीं पेटी विकत घेण्यापूर्वीं करावा.

आतां नवा पाहुणा घरीं आला असें समजूं. तो बहुधा अरण्यांतून पकडलेला असतो. पिशवी, पेटी, विमान, दुकान असा प्रवास करून अनेक दिवस तहानलेला असतो, आणि त्याच्या पोटांत जंतही असण्याचा संभव असतो. म्हणून पहिलें काम खाऊं घालण्याचें नसून पाणी देण्याचें आहे. वाडग्यांतील पाणी त्याला बहुधा ओळखूं येत नाहीं. पानांवरचे थेंबच तो चाटतो. सकाळीं व संध्याकाळीं बारीक फवाऱ्यानें पानें भिजवावीं आणि मधल्या वेळांत वरचा थर थोडा सुकूं द्यावा. डोळे खोल गेले असतील, किंवा विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग पिवळा-नारिंगी झाला असेल, तर शरीरांतील पाणी कमी झालें आहे असें समजावें. भर दिवसां डोळे मिटून बसणें हें याहूनही वाईट चिन्ह. विष्ठेचा ताजा नमुना पशुवैद्याकडे नेऊन तपासून घ्यावा. पहिले पंधरा दिवस पेटीच्या तीन बाजूंस कागद लावावा आणि पाहुण्यारावळ्यांना 'गंमत' दाखवूं नये. हाताळणें तर मुळींच नको.

खाणें सोपें आहे. केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांची उडतां न येणारी एक जात प्रयोगशाळांतून पैदा झाली आहे. ती आणि रातकिड्यांचीं नुकतींच जन्मलेलीं पिलें हें याचें मुख्य अन्न. कॅल्शियमच्या भुकटींत तीं घोळून द्यावीं, नाहींतर हाडें मऊ पडतात. एका पेटींत दोन नर ठेवूं नयेत. मादी थोडींच अंडीं घालते व तीं ओल्या मातींत पुरते. त्यासाठींच मातीची ती चार-पांच इंच खोली.

इतकें लिहून झाल्यावर विद्यार्थी विचारतील, "गुरुजी, मग आम्हीं एक आणावा काय?" माझें मत स्पष्ट सांगतों: शाळकरी मुलानें आणूं नये. पेटींत मेलेल्या प्रत्येक सरडगुहिऱ्याच्या जागीं अरण्यांतून दुसरा उचलला जातो, आणि तीं अरण्यें डोंगरमाथ्यांवर तुकड्यातुकड्यांनीं उरलीं आहेत. २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें या ठेंगू आफ्रिकी जातींचा व्यापार परवान्याखालीं आणला. आपल्या देशांतही वन्यजीव कायद्यांत २०२२ सालीं झालेली सुधारणा व २०२४ चे नियम यांअन्वयें असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यास सरकारांत नोंद करावी लागते. ज्या प्रौढ गृहस्थांस हौस आहे व सवडही आहे, त्यांनीं पाळणाऱ्याच्या घरीं जन्मलेलें पिलूं, कागदपत्रांसह, घ्यावें.

मुलांकरितां आपला देशी सरडगुहिरा आहेच. तो १९७२ च्या कायद्यानें संरक्षित असल्यामुळें त्याला पकडणें किंवा घरीं ठेवणें गुन्हा आहे, पण पाहण्यास मनाई नाहीं. बाभळीवर किंवा करंजावर दृष्टि ठरवून पाहिल्यास तो दिसूं शकतो. तो विषारी आहे असें समजून पुष्कळ ठिकाणीं त्याला दगड मारतात. त्याच्या अंगीं विष मुळींच नाहीं. मादी अंडीं घालण्यासाठीं झाडावरून उतरून मऊ जमीन शोधते, आणि तिच्या संथ, झुलत्या चालीमुळें रस्त्यावर कितीतरी माद्या चाकांखालीं सांपडतात. पावसाळा सरतां सरतां शाळेंतून घरीं जातांना अशी एखादी दिसली, तर सायकली थांबवून मागच्या गाड्यांस हात करावा आणि ती पलीकडे पोहोंचेपर्यंत वाट पाहावी. पांच मिनिटें लागतील.